शिवेवरचे देव आणि नंबरातले वावर

अक्षय तृतीयेच्या संध्याकाळी बुलढाणा जिल्ह्यात, जळगाव जामोद तालुक्यातील भेंडवळ या गावाच्या शिवारात घट मांडला जातो. वावरात मोठे वर्तुळ आखतात आणि त्याच्या कडेने अठरा धान्यांच्या लहान लहान राशी ठेवतात. त्यांत ज्वारी, बाजरी, गहू, तूर, मूग, उडीद, हरभरा, मसूर ही नेहमीची धान्ये असतात. तीळ, जवस, करडी ही गळिताची बियाणी असतात. अंबाडी आणि सरकी असते. आणि भादलीही असते, जी आज जिल्ह्यातल्या बाजारात शोधूनही मिळणे कठीण. वर्तुळाच्या मध्यभागी खड्डा करतात, त्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांची चार ढेकळे ठेवतात, ढेकळांवर पाण्याने भरलेली घागर आणि घागरीवर पापड, भजे, वडा, कुरडई. जवळच पानाचा विडा आणि सुपारी असते. ती सुपारी म्हणजे राजा. रात्री तेथे कोणी थांबत नाही. पहाटे वाघ घराण्यातील महाराज घटाची पाहणी करतात. कोणते ढेकूळ किती भिजले, कोणत्या राशीतला दाणा बाहेर गेला, सुपारी जागची हलली की नाही, यांवरून पाऊस, पीक, चारा, रोगराई आणि राज्य यांचे भाकीत सांगितले जाते. ही प्रथा चंद्रभान महाराज वाघ यांनी सुमारे ३५० वर्षांपूर्वी सुरू केली, अशी परिसरातील परंपरा आहे.

या मांडणीबद्दल दरवर्षी दोन प्रकारचे लेखन होते. वर्तमानपत्रे भाकीत छापतात, आणि विवेकवादी मंडळी त्याचा शास्त्रीय आधार विचारतात. शास्त्रीय आधार नाही, हे आम्हांलाही मान्य आहे. घागर झिरपते, रात्री वारा सुटतो, मुंग्या आणि पाखरे दाणे हलवतात; यांतून पुढच्या आश्विनाचा पाऊस कळत नाही. परंतु भाकीत खरे की खोटे, एवढाच प्रश्न विचारून आपण थांबलो तर एक जुना कागद न वाचताच फेकून दिल्यासारखे होईल. आमच्या मते भेंडवळचा घट हा असा कागद आहे. त्यात सरकी आहे, पण अठरांतली एक म्हणून. त्यात भादली रोगराईची खूण म्हणून आहे, म्हणजे पीक आणि पीडा एकाच हिशेबात मोजलेली आहे. आणि राजाही त्याच वर्तुळात, सुपारीएवढा होऊन बसलेला आहे. पाऊस, पीक, रोग आणि राज्य ही एकाच जोखमीची चार नावे मानणारे हे जग कसे होते आणि ते कसे मोडले, याचा शोध घ्यावा, हा या लेखाचा हेतू.

आधी भूमी पाहू. बुलढाणा जिल्ह्याचे दोन भाग सहज दिसतात. घाटाखाली पूर्णेचे खोरे आहे. मलकापूर, नांदुरा, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर हा काळ्याभोर जमिनीचा प्रदेश. यातच तो खारपाण पट्टा, जेथे जमीन कसदार पण विहिरीचे पाणी खारे. घाटावर अजिंठ्याच्या रांगेचे पठार आहे. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा, देऊळगाव राजा हा हलक्या-मध्यम जमिनीचा, ओढ्या-नाल्यांचा मुलूख. जुन्या दप्तरांत यांना पायनघाट आणि बालाघाट अशी नावे आहेत. वस्ती जुनी. लीळाचरित्रात मेहकर आणि लोणार येतात. अकबराच्या काळी मेहकर हे वऱ्हाड सुभ्यातील एका सरकारचे ठाणे होते. सिंदखेड हे लखुजी जाधवांचे, जिजाबाईंच्या माहेरचे गाव.

पण वस्ती जुनी याचा अर्थ ती अखंड होती असा नव्हे. या मुलखातून फौजा सतत गेल्या. १८०३ साली असई आणि अडगाव या दोन लढाया जिल्ह्याच्या दोन बाजूंना, एक पश्चिमेला आणि एक पूर्वेला, झाल्या. १८०४ च्या आरंभी सिंदखेडच्या बाजूने जाणाऱ्या वेलस्लीने आपल्या पत्रांत येथील उपासमारीची आणि लुटालुटीची नोंद केली आहे. त्यानंतरची पन्नास वर्षे निजामाच्या इजारदारांची. पामर आणि कंपनी, पुरनमल, पेस्तनजी अशा सावकारांनी महसुलाचे मक्ते घेतले आणि ते कुणबिणीच्या कणगीपर्यंत जाऊन वसूल केले. गाव ओस पडणे आणि ओस गाव पुन्हा वसवणे हा या प्रदेशाचा नेहमीचा क्रम होता.

ओस गाव पुन्हा वसवायचे तर राज्यकर्ता किंवा त्याचा अधिकारी कौल देई. इतकी वर्षे सारा कमी, मग हळूहळू चढता, असे ते वचन. मराठीत हा शब्द आणखी एका ठिकाणी येतो. देवाला फूल लावून विचारतात तोही कौलच. अरबीतून आलेल्या या शब्दाचा मूळ अर्थ ‘बोललेला शब्द’ एवढाच. आपल्या भाषेने तो सरकाराच्या आणि देवाच्या, दोघांच्या तोंडी सारखाच घातला, याला अर्थ आहे. पडीक जमिनीवर नांगर धरणाऱ्याला दोन वचने लागत: राजा सारा वाढवणार नाही हे एक, आणि भूमी, पाणी, साप, पटकी, गारा यांचे जे कोणी धनी असतील ते सांभाळून घेतील हे दुसरे. पहिले वचन कागदावर असे. दुसरे दगडाला शेंदूर लावून घेतले जाई.

म्हणून गाव म्हणजे केवळ घरांचा पुंजका नव्हे. घरांची ती पांढरी, पिकाची ती काळी, आणि दोहोंच्या भोवती शीव. या तिन्ही ठिकाणी देव वाटून बसलेले. वेशीजवळ मारोती. पाण्याच्या काठी आसरा. पिंपळावर मुंजा. वावराच्या बांधावर, म्हणजे वऱ्हाडीत धुऱ्यावर, म्हसोबा. गावाबाहेर मरीआई. पटकीची साथ आली की मरीआईचा लहानसा गाडा करून तो शिवेपार नेऊन सोडत, आणि शेजारचे गाव तो पुढच्या शिवेपार ढकली. या देवांची नावे ऐकावीत. बा, आई: ही नात्यातली हाक आहे. प्रत्येकाकडे एक ठिकाण आणि एक धोका सोपवलेला. देवळातल्या थोर दैवतांशी या देवांचे वैर नव्हते. परंतु गारपीट झाली तर काशीविश्वेश्वराला जाब विचारण्याची सोय नव्हती, मारोतीला मात्र विचारता येत होता.

तो जाब विचारण्यासाठी गावाचा एक माणूस नेमलेला असे. त्याचे नाव गारपगारी. रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जातींविषयीच्या ग्रंथात मध्य प्रांतातील मराठी जिल्ह्यांच्या संदर्भात या समाजाची नोंद आहे. मूळ नाथजोग्यांपैकी हे लोक. गारा थोपवणे हे त्यांचे काम. आभाळात काळे-तांबडे ढग एकत्र दिसू लागले की गारपगारी हातात शस्त्र घेऊन मारोतीसमोर उभा राही. आधी विनवणी. विनवणीने ढग हटले नाहीत तर धमकी: मी येथेच जीव देईन. कधी बायको-मुलांना घेऊन तो देवापुढे उभा राही. पूर्वी स्वतःच्या अंगावर वार करून घेत. या लेखकांच्या काळापर्यंत बोटातून रक्ताचा थेंब काढण्यावर ते आले होते. या कामाबद्दल सुगीला खळ्यावर त्याला धान्याचा वाटा मिळे.

आम्हांला या प्रकारात दिसते ती अंधश्रद्धा तर आहेच. पण तिच्या आत दडलेली व्यवस्था अधिक लक्षणीय वाटते. गारा एकाच्या वावरावर पडतात, शेजारच्याचे वावर सुटते. ही जोखीम एकट्याची आहे. पण गारपगाऱ्याचा वाटा सगळ्या गावाच्या खळ्यांवरून जातो. म्हणजे एकट्यावर कोसळणाऱ्या आपत्तीची चिंता सगळ्या गावाने आधीच वाटून घेतलेली आहे. गारा थांबत नव्हत्या. थांबत नव्हत्या म्हणूनच, गारांविरुद्ध कोणीतरी आपल्या बाजूने उभे होते, आणि तो उभा राहावा म्हणून सगळ्यांनी दाणे दिले होते, ही गोष्ट महत्त्वाची होती. सुतार, लोहार, चांभार, महार, गुरव यांच्या वाट्यांबरोबरच हा वाटा खळ्यावर मोजला जाई. खळे ही या खेड्याची खरी कचेरी होती, आणि पांढरीत जमिनीखाली खणलेली ज्वारीची पेवे ही तिची तिजोरी.

या व्यवस्थेचे गोडवे गाण्याची आमची इच्छा नाही. वाटा मिळत होता, पण तो जातीच्या उतरंडीनुसार आणि मानहानीसकट मिळत होता. शिवेचा वाद पडला तर महाराची साक्ष निर्णायक धरली जाई, मरीआईच्या पूजेत त्याच्यावाचून चालत नसे. आणि तोच महार वेशीच्या आत सावलीसकट नकोसा असे. मेलेली ढोरे ओढणे हाही त्याचा ‘हक्क’च म्हटला जाई. डॉ. आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात महार वतनाविरुद्ध विधेयक आणले ते उगीच नव्हे. ज्या वाट्यात माणूस बांधला जातो, तो वाटा सुटणे म्हणजे मोकळे होणेही असते. तेव्हा पुढे जे मोडले त्यात सोडावे असे पुष्कळ होते, हे लक्षात ठेवूनच काय हरवले त्याचा विचार केला पाहिजे.

२१ मे १८५३ च्या तहाने निजामाने हैदराबादच्या कंटिंजंट फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाड इंग्रजांकडे सोपवले. १८६० मध्ये नवा तह झाला, आणि त्यानंतर पुढच्याच वर्षापासून मुंबई इलाख्याच्या पद्धतीची रयतवारी पाहणी वऱ्हाडात सुरू झाली. साखळी घेऊन मोजणीदार शिवारात उतरले. प्रत्येक वावराला क्रमांक मिळाला, प्रतवारी ठरली, तीस वर्षांसाठी रोख सारा बसला, आणि कसणाऱ्याचे नाव पुस्तकात चढले. देशमुख-देशपांड्यांचा कारभार संपला. पाटील-पटवारी राहिले, पण सरकारचे नोकर म्हणून. इजारदाराच्या जाचातून सुटलेल्या रयतेला हा बदल सुखाचा वाटला असल्यास नवल नाही. सारा किती हे आता आधी कळत होते. पडीक जमीन झपाट्याने नांगराखाली आली.

मात्र या पुस्तकात एका वावराला एकच नाव होते. खळ्यावर हात पसरून उभे राहणाऱ्या दहा-पंधरा जणांची नावे त्यात लिहिण्याची सोय नव्हती. सारा रोख आणि ठरावीक; पीक बुडाले म्हणून तो आपोआप कमी होत नव्हता. जमीन आता गहाण टाकता येत होती आणि विकता येत होती. जोखीम जेथे गावाची होती तेथे ती सर्वे नंबराची झाली. धुऱ्यावर आता दोन प्रकारचे दगड उभे होते: एक शेंदूर लावलेला, दुसरा मोजणीचा. दोघेही हद्द सांगत. पण पहिल्याला विचारता येत असे, दुसरा नुसता दाखवीत असे.

आणि याच सुमारास, याच प्रदेशात, एका इंग्रज अधिकाऱ्याने शेंदूर लावलेल्या दगडांचीही मोजदाद केली. आल्फ्रेड लायल १८६७ नंतर पश्चिम वऱ्हाडचा आयुक्त होता. १८७० साली निघालेले वऱ्हाडचे गॅझेटियर त्याच्याच हातचे. दोन वर्षांनी त्याने एका इंग्रजी नियतकालिकात ‘एका हिंदी प्रांताचा धर्म’ या अर्थाच्या शीर्षकाचा निबंध लिहिला. तो प्रांत म्हणजे वऱ्हाड. दगड-खोडांच्या पूजेपासून, भुताखेतांच्या आणि मृत पूर्वजांच्या पूजेतून, वीरपुरुष आणि साधूंच्या समाधींपर्यंत आणि तेथून शिव-विष्णूंपर्यंत, अशा अकरा प्रकारांत त्याने येथील उपासना लावून दाखवल्या. पुढे १८८२ मध्ये हा निबंध त्याच्या ‘एशियाटिक स्टडीज’ या संग्रहात आला आणि युरोपातील धर्माभ्यासकांच्या वाचनात गेला. मारोतीच्या पारावरचे शेंदरी दगड असे लंडनच्या चर्चेत पोचले.

लायलचे डोळे तीक्ष्ण होते. साधू वारतो, त्याची समाधी होते, समाधीला नवस लागतो, नवसाचे देऊळ होते, आणि तीन पिढ्यांत तो कोणाचा तरी अवतार ठरतो, हा प्रवास त्याने वऱ्हाडात प्रत्यक्ष घडताना पाहिला. पण एका गोष्टीकडे त्याचे लक्ष गेले नाही, किंवा गेले असले तरी ती त्याच्या वर्गवारीत बसली नाही. त्याच्या कारकिर्दीत त्याच गावांची मोजणी चालली होती. मोजणीच्या पुस्तकात वावरे होती, देव नव्हते. निबंधात देव होते, वावरे नव्हती. गारपगाऱ्याचा वाटा दोहोंतही धड मावत नव्हता: धर्म म्हणावा तर तो दाण्यांचा हिशेब, महसूल म्हणावा तर तो मारोतीपुढचा नवस. लोकधर्म नावाचे जे वेगळे खाते आज आपण अभ्यासक्रमात शिकवतो, ते असे जमिनीच्या हिशेबापासून कापून निराळे काढलेले आहे.

हे केवळ वऱ्हाडातच घडले असे नाही. तैवानच्या वायव्येकडील शिन्चू, म्याओली या भागांत चीनमधून येऊन डोंगरपायथ्याची जमीन लागवडीखाली आणणाऱ्या हक्का लोकांच्या वस्त्या आहेत. त्यांच्याही शेतांच्या कडेला, पाटाच्या तोंडाशी, झाडाखाली भूमिदेवाचे लहानसे ठाणे असते, आणि त्याला ते घरातल्या वडीलधाऱ्या चुलत आजोबाला हाक मारावी तशा नावाने हाक मारतात. १८९५ मध्ये जपानने ते बेट घेतले. १८९८ ते १९०५ या काळात जमिनीची मोजणी केली. एका जमिनीवर एकावर एक असलेल्या हक्कांपैकी वरचा हक्क १९०४ मध्ये रद्द करून एका शेताला एक मालक ठरवला. पुढे १९१५ पासून देवळांची आणि उपासनांची सरकारी पाहणी झाली. आधी शेत, मग देव, आणि दोहोंची दप्तरे वेगळी. म्हसोबाच्या आणि त्या चुलत आजोबाच्या बाबतीत राज्यकर्त्यांची रीत इतकी सारखी असावी, हे विचार करण्यासारखे आहे.

मोजणीपाठोपाठ कापूस आला, किंवा खरे सांगायचे तर कापूस होताच, त्याची भूक आली. १८६१ ते १८६५ या अमेरिकेतील यादवीच्या काळात मँचेस्टरला कापूस मिळेना, तेव्हा वऱ्हाडच्या काळ्या जमिनीकडे सगळ्यांचे लक्ष वळले. मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव या मार्गाने आगगाडी पुढे सरकत १८६७ मध्ये नागपुरास पोचली. मार्च १८७० मध्ये जलंब ते खामगाव या लहानशा फाट्याच्या उद्घाटनास खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आला, यावरून खामगावच्या कापूसपेठेचे महत्त्व ध्यानात यावे. पुढे जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने उभे राहिले. तलम धाग्याची बनी मागे पडून जास्त रुई देणारी जाडी जरी वावरांत पसरली. पैसा आला, कौलारू माड्या आल्या, सावकारीही आली. ज्वारीच्या वावरात कापूस चढला, आणि उरलेली ज्वारीही त्याच आगगाडीने दूरच्या बाजाराला जाऊ लागली. पेवे रिकामी राहू लागली.

रिकाम्या पेवांचा अर्थ १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांत कळला. वऱ्हाड हा सुपीक प्रांत, येथे दुष्काळ पडत नाही, असा सरकारचा समज होता. १८९१ च्या शिरगणतीत वऱ्हाडची लोकसंख्या सुमारे २९ लाख होती. १९०१ मध्ये ती साडेसत्तावीस लाखांच्या आसपास उतरली. लक्ष्मण सत्या यांनी वऱ्हाडातील कापूस आणि दुष्काळ यांवरील आपल्या १९९७ च्या ग्रंथात या दोहोंचा संबंध तपशिलाने मांडला आहे. अन्नाचा साठा आणि जोखमीची वाटणी हे दोन्ही आधार गेलेल्या खेड्याला एक चुकलेला पावसाळा पुरेसा होतो. त्यानंतर दोनच वर्षांनी, ५ नोव्हेंबर १९०२ रोजी, इंग्रजांनी निजामाकडून वऱ्हाड वर्षाला २५ लाख रुपयांवर कायमचे मक्त्याने घेतले. घटातला राजा सुपारीएवढा होता. आता ज्या राजाचे नाव होते त्याच्याकडे राज्य नव्हते, आणि ज्याच्याकडे राज्य होते तो मक्तेदार होता.

या साऱ्यात देव नाहीसे झाले का? मुळीच नाही. वाटा तेवढा गेला. रसेलच्या काळीच गारपगाऱ्यावरचा लोकांचा विश्वास ओसरला होता, देणे बंद पडत होते, आणि हे लोक शेतीकडे वळत होते. आज ते नाव शासकीय याद्यांत उरले आहे. पोळ्याच्या तोरणाखालून आधी कोणाचा बैल जावा, याचा मान राहिला. पण मालमत्तेला किंवा पदाला न जोडलेला, निव्वळ मानाचा दावा दिवाणी न्यायालयाने ऐकू नये असे ठरल्यामुळे, तो मान जमिनीपासून सुटून केवळ प्रतिष्ठेचा, आणि म्हणून अधिकच भांडणाचा विषय झाला. कापसाच्या पहिल्या वेचणीपूर्वी बायका वावरात दगड मांडून दहीभाताचा नैवेद्य दाखवतात, ते सीतादही. सीता म्हणजे नांगराची रेघ, हा जुना अर्थ आपण संस्कृतच्या वर्गात सांगतो. वऱ्हाडातल्या बाईने तो मँचेस्टरला जाणाऱ्या बोंडाशीही जोडून ठेवला. लोकधर्माने बाजाराला नकार दिला नाही. त्याने बाजाराच्या पिकालाही पाळण्यात घातले. बाजाराने मात्र त्याच्या वाट्याची दखल घेतली नाही.

धर्माचा भूगोलही बदलला. शिवेवरचे देव गावापुरते; आता आगगाडीच्या रस्त्यावरचे संत उभे राहिले. गजानन महाराज शेगावी प्रकट झाले ते २३ फेब्रुवारी १८७८ रोजी. समाधी ८ सप्टेंबर १९१० ची. म्हणजे त्यांचा सगळा काळ कापसाच्या पेठेचा आणि दोन दुष्काळांचा. दासगणूंनी १९३९ मध्ये रचलेली ‘श्री गजानन विजय’ ही एकवीस अध्यायांची पोथी आपण भक्तिग्रंथ म्हणून वाचतो. ती त्या काळच्या वऱ्हाडचा सामाजिक दस्तऐवज म्हणूनही वाचता येते. तीत पेठेतले सावकार आहेत, पाटील-देशमुखांची चुरस आहे, आणि अकोलीच्या भास्कर पाटलाची कोरडी विहीर आहे. परक्या तहानलेल्याला पाणी नाकारणारा शेतकरी आणि नंतर पाण्याने भरणारी विहीर, ही कथा कोरडवाहू मुलखातच सुचू शकते. तीत चमत्कार पाण्याचा आहे, तसा वाटून घेण्याचाही आहे. घाटावर पिंपळगाव सराईजवळ सैलानी बाबांचा दर्गा आहे. होळीच्या सुमारास भरणाऱ्या तेथील यात्रेत नारळांची होळी पेटते आणि दुःख बाधेच्या रूपाने घेऊन सर्व धर्मांची माणसे येतात. पूर्वी पीडा गावाची असे आणि गाडा शिवेपार जाई. आता पीडित एकटा निघतो, तिकीट काढतो आणि संताच्या दारी जातो. लायलला हा बदल आवडला असता, आणि त्याने त्यालाही एक क्रमांक दिला असता.

मराठी अभ्यासकांनी लोकदैवतांवर मोठे काम केले आहे. रा. चिं. ढेरे यांचे खंडोबा-विठ्ठलावरील ग्रंथ, कोसंबींचे १९६२ चे ‘मिथ अँड रिअ‍ॅलिटी’, सोंथायमर यांचा धनगरांच्या देवांवरील अभ्यास, ही आपली पाठ्यपुस्तकेच होत. पण या कामाचा मोठा भाग देशावरच्या डोंगरांत आणि मेंढवाड्यांत घडला. आणि जमिनीच्या बाजूने पाहणारे त्रिंबक नारायण आत्रे यांचे ‘गावगाडा’ (१९१५) वतनदारीवर आसूड ओढताना देवांकडे बहुधा खर्चाची बाब म्हणून पाहते. वऱ्हाडच्या बाबतीत ही दोन वाचने एकत्र आणण्याचे काम पुष्कळसे बाकी आहे. ते काम साहित्याच्या विद्यार्थ्यांनी का करू नये? सदानंद देशमुख हे याच जिल्ह्यातले. त्यांच्या ‘बारोमास’ या २००२ च्या, २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेल्या कादंबरीतला शिकलेला एकनाथ नोकरी नाही म्हणून वावरात परततो, आणि तेथे वावर एकट्याचे झालेले असते. कर्ज एकट्याचे, बियाणे एकट्याचे, नापिकी एकट्याची. २००६ मध्ये केंद्र सरकारने ज्या सहा जिल्ह्यांसाठी शेतकरी आत्महत्यांच्या संदर्भात मदत जाहीर केली, त्यांत बुलढाणा होता. १८६१ पासून सुरू झालेल्या एका वाटचालीचा हा टप्पा आहे, असे म्हटल्यास ते सोपेपणाचे होईल. मधल्या दीडशे वर्षांत कापसाच्या भावापासून बियाण्यांपर्यंत पुष्कळ काही घडले. पण जोखीम एकट्याच्या नावावर चढवण्याचा पहिला कागद तेव्हा लिहिला गेला, हे नाकारता येत नाही.

आज गारा पडल्या की महसूल खात्याचा पंचनामा होतो. २०१६ पासून पंतप्रधान पीकविमा योजना आहे. सगळ्यांनी थोडे थोडे द्यावे आणि ज्याच्यावर कोसळेल त्याला मिळावे, हे विम्याचे तत्त्व गारपगाऱ्याच्या वाट्यापेक्षा फार निराळे नाही; आणि विमा पैसे देतो, गारपगारी देत नव्हता, हेही सांगितले पाहिजे. फरक आहे तो विचारण्याच्या जागेचा. मारोती वेशीवर होता. विमा कंपनीच्या दारात हातात शस्त्र घेऊन उभे राहता येत नाही, आणि तसे कोणी राहू नयेही. परंतु नुकसानीचा हिशेब कोठे होतो, कोण करतो आणि त्याला प्रश्न कोठे विचारायचा, हे शेतकऱ्याला ठाऊक असणे ही त्या जुन्या व्यवस्थेतली एकमेव जपण्याजोगी गोष्ट होती.

भेंडवळला दरवर्षी पहाटे हजारो शेतकरी जमतात ते आम्हांला या दृष्टीने समजते. ते फसवले जातात असे म्हणणे सोपे आहे. त्यांतल्या अनेकांच्या खिशात हवामानाचा अंदाज सांगणारा मोबाइल असतो, आणि त्यांचा त्यावरही पूर्ण विश्वास नसतो. ते येतात ते बहुधा यासाठी, की वर्षातून एकदा पाऊस, पीक, रोग आणि राज्य यांचा हिशेब एकाच वर्तुळात, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत मांडला जातो. त्या पारंपरिक अठरांत सोयाबीन नाही. घटाभोवती उभे असलेल्यांपैकी कितीतरी जणांची त्या वर्षीची सगळी भिस्त मात्र त्याच एका पिकावर असते, आणि त्याचे भाकीत मागायला त्यांना भादली, जवस आणि अंबाडी यांच्याच तोंडाकडे पाहावे लागते.